न उभारलेल्या इमारतींचे कागद

वास्तुरचनेच्या स्पर्धांमध्ये मागे पडलेले, किंवा जिंकूनही कधी बांधले न गेलेले आराखडे आणि त्यांची रेखाटने यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. काही पत्रे लांब होती; त्यांतील प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न : स्पर्धेत हरलेला आराखडा म्हणजे परीक्षकांनी नाकारलेली कल्पना. जी इमारत उभीच राहिली नाही, तिची रेखाटने संग्रहालयांनी का जपावीत? बांधलेल्या इमारतींचे कागद ठेवायला जागा पुरत नसताना हा खर्च योग्य आहे का?

उत्तर : नाकारलेली कल्पना तेथेच संपते, असे आपण गृहीत धरले आहे, इतिहासात मात्र तसे घडलेले दिसत नाही. ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने १९२२ साली आपल्या कार्यालयाच्या मनोऱ्यासाठी स्पर्धा जाहीर केली. बक्षिसांसाठी एकूण एक लाख डॉलर ठेवले होते आणि २३ देशांतून २६० हून अधिक प्रवेशिका आल्या. ५०,००० डॉलरचे पहिले बक्षीस जॉन मीड हॉवेल्स आणि रेमंड हूड यांच्या गॉथिक वळणाच्या मनोऱ्याला मिळाले व तो बांधला गेला. २०,००० डॉलरचे दुसरे बक्षीस फिनलंडचे एलिएल सारिनेन यांना मिळाले. त्यांचा मनोरा वर जाताना टप्प्याटप्प्याने आत सरकत जाणारा, उभ्या रेषांवर भर देणारा आणि माथ्यावर वेगळा मुकुट न चढवता आपोआप निमुळता होणारा होता. तो बांधला गेला नाही. पण शिकागोचे ज्येष्ठ वास्तुरचनाकार लुई सलिव्हन यांनी पुढच्याच वर्षी लेख लिहून विजेत्यापेक्षा हा दुसरा आराखडाच श्रेष्ठ असल्याचे ठामपणे मांडले. १९२९ साली ह्यूस्टन शहरात पूर्ण झालेल्या गल्फ बिल्डिंगमध्ये सारिनेन यांच्या मनोऱ्याची छाया अगदी उघड दिसते, आणि त्या दशकातील इतर अनेक उंच इमारतींवरही तिचा ठसा आहे. म्हणजे एका भूखंडावर हरलेला आराखडा दुसऱ्या अनेक भूखंडांवर, वेगवेगळ्या हातांनी, बांधला गेला. त्याची रेखाटने पुढे उपलब्धच राहिली नसती, तर त्या इमारतींचे मूळ आज आपल्याला सांगता आले नसते.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. बांधलेली एकच इमारत पाहिली की ती तशीच असायला हवी होती, असे वाटू लागते. त्याच स्पर्धेतील वाल्टर ग्रोपिउस आणि अडोल्फ मायर यांची सांगाड्याची चौकटबंद जाळी उघडपणे दाखवणारी प्रवेशिका, किंवा अडोल्फ लोस यांनी कल्पिलेला, प्रचंड डोरिक (प्राचीन ग्रीक शैलीच्या) स्तंभाच्याच आकाराचा मनोरा शेजारी ठेवून पाहा. तीच जागा, तोच मालक, त्याच गरजा, आणि तरीही उत्तरे इतकी दूरदूरची! त्या काळातील वास्तुरचनेच्या मनात नेमके काय चालले होते, हे या सगळ्या कागदांतून एकत्रितपणे जेवढे कळते, तेवढे एकट्या विजेत्या मनोऱ्यातून कधीच कळणार नाही.

स्थापत्याच्या सीमेवरचे एक जुने उदाहरणही येथे सांगावेसे वाटते. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या कांस्य दरवाजांसाठी १४०१ साली झालेल्या स्पर्धेत सात शिल्पकारांनी एकाच विषयावरचे नमुने केले. त्यांतले दोनच आज शिल्लक आहेत : जिंकलेल्या गिबेर्तींचा आणि हरलेल्या ब्रुनेलेस्कींचा. बार्जेल्लो संग्रहालयात ते दोन्ही पाहता येतात, आणि परीक्षकांपुढचा पेच आजही पाहणाऱ्यापुढे जसाच्या तसा उभा राहतो. बाकीच्या पाच जणांनी काय केले, हे मात्र कोणालाच पाहता येत नाही.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. प्रदर्शनात स्पर्धेची रेखाटने पाहताना माझी नजर मोठ्या, सुंदर यथार्थदर्शी चित्रावरच (इमारत डोळ्यांना जशी दिसेल तशा चित्रावर) खिळते आणि प्लॅन (मजल्याचा वरून दिसणारा नकाशा), सेक्शन (इमारतीचा उभा छेद) नुसते पाहून पुढे जाते. अशी रेखाटने वाचण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर : आहे, आणि तिची सुरुवात रेखाटनापासून होत नाही. न बांधलेला आराखडा वाचायचा असेल तर त्याला विचारलेला प्रश्न आधी वाचावा. प्रत्येक स्पर्धेला एक नियमपुस्तिका असते. जागेचा नकाशा, लागणाऱ्या दालनांची यादी व त्यांची क्षेत्रफळे, रेखाटने कोणत्या प्रमाणात काढायची, किती कागद द्यायचे, कोणते माध्यम वापरायचे, हे सगळे तिच्यात असते. ती न वाचता रेखाटन पाहणे म्हणजे संवादातील एकाच माणसाचे बोलणे ऐकण्यासारखे आहे. दर्शनी भाग विचित्र वाटला तर तो रचनाकाराचा हट्ट होता की भूखंडाच्या आकाराने लादलेला उपाय होता, हे नियमपुस्तिकेशिवाय ठरवता येणार नाही.

त्यानंतर जागेचा नकाशा पाहावा आणि इमारत रस्त्याला कशी सामोरी जाते, मोकळी जागा कोठे सोडली आहे, हे समजून घ्यावे. मग तळमजल्याचा प्लॅन घेऊन दारातून आत शिरल्याप्रमाणे बोटाने चालत जावे. जिना कोठे लागतो, उजेड कोठून येतो, मोठ्या दालनातून बाहेर पडणारी गर्दी कोणत्या वाटेने जाईल, हे प्रश्न विचारत जावे. त्यानंतर सेक्शन. सेक्शनमध्ये लपवाछपवी फार कठीण असते. छताची जाडी, मजल्यांची उंची, मोठा गाळा कशाने पेलला आहे, हे तेथे दाखवावेच लागते, आणि जेथे ते दाखवलेले नाही तेथे रचनाकाराकडे अजून उत्तर नव्हते असे खुशाल समजावे. यथार्थदर्शी चित्र सर्वांत शेवटी पाहावे. तोपर्यंत ते कोणत्या उंचीवरून, कोणत्या कोनातून काढले आहे आणि त्या जागी माणूस खरोखर उभा राहू शकतो का, हे तपासण्याइतकी आपली तयारी झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. बर्लिनमध्ये फ्रीडरिशस्ट्रासे रेल्वेस्थानकाशेजारच्या त्रिकोणी भूखंडावर उंच इमारत बांधण्यासाठी १९२१ साली स्पर्धा जाहीर झाली. तिच्यात मीस फान डेर रोह यांनी सर्वांगी काचेने वेढलेल्या मनोऱ्याचा आराखडा पाठवला. त्याचे कोळशाने काढलेले भव्य रेखाटन आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याची उंची सुमारे १७३ सेंटिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ पाहणाऱ्याच्या उंचीइतकीच. दोन्ही बाजूंची जुनी घरे गडद काळी केली आहेत आणि त्यांच्यामधून एक धारदार, फिकट आकृती वर गेली आहे. हे रेखाटन पाहून कोणीही थबकेल. आता प्लॅन पाहा. तीन टोकदार भाग मधल्या गाभ्याला जोडले आहेत, गाभ्यात जिने व लिफ्ट आहेत, आणि बाकी मजल्याचा विस्तार जवळजवळ मोकळाच ठेवला आहे. म्हणजे नियमपुस्तिकेने मागितलेल्या बऱ्याच गोष्टींचे उत्तर येथे नाही. परीक्षकांनी या प्रवेशिकेची दखल घेतली नाही. आज त्यांना दूरदृष्टी नव्हती असे म्हणणे सोपे आहे. पण हातात नियमपुस्तिका धरून पाहिले तर त्यांचा निर्णय समजण्यासारखा वाटतो, आणि तरीही ते रेखाटन विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी रेखाटनांपैकी एक ठरते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या दोन्ही दिसण्यासाठीच संपूर्ण संच वाचायचा असतो.

रेखाटन कोणाच्या हातचे आहे, हेही विचारायला विसरू नये. लंडनचे पार्लमेंट १८३४ च्या आगीत जळाल्यावर झालेल्या स्पर्धेत ९७ प्रवेशिका आल्या आणि चार्ल्स बॅरी यांची ६४ क्रमांकाची प्रवेशिका निवडली गेली. बॅरी यांच्या प्रवेशिकेच्या रेखाटनांसाठी ऑगस्टस प्यूजिन या तरुणाने मदत केली होती. आणि त्याच प्यूजिनने त्याच स्पर्धेत जेम्स गिलेस्पी ग्रॅहॅम या दुसऱ्या स्पर्धकासाठीही रेखाटने केली होती. एकाच बोटांनी गिरवलेला एक आराखडा थेम्सच्या काठी उभा आहे आणि दुसरा कागदावर राहिला आहे. तेव्हा रेषेचे सौंदर्य पाहून आराखड्याचे मोल ठरवताना जरा थांबलेले बरे.

प्रश्न : बुले यांच्या प्रचंड गोलाकार स्मारकासारखी कल्पनाचित्रे आणि स्पर्धेतील न बांधलेले आराखडे यांना एकाच वर्गात धरावे का?

उत्तर : धरू नये, असे माझे मत आहे. एत्येन-लुई बुले यांनी १७८४ साली न्यूटनसाठी कल्पिलेले, सुमारे दीडशे मीटर व्यासाच्या पोकळ गोलाचे स्मारक कोणी मागितले नव्हते. त्यातला प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचेच. स्पर्धेच्या प्रवेशिकेत प्रश्न दुसऱ्याचा असतो, जागा ठरलेली असते, मुदत ठरलेली असते आणि समोर परीक्षक बसलेले असतात. बुले यांच्या चित्राला आपण काव्य म्हणून दाद देऊ शकतो. प्रवेशिकेला दाद देताना मात्र तिला घातलेल्या बंधनांचे तिने काय केले, हे विचारावेच लागते.

प्रश्न : परीक्षकांना स्पर्धकाचे नाव खरेच कळत नाही का? आणि फेकून दिलेल्या ढिगातून एखादी प्रवेशिका काढून तिला पहिले बक्षीस दिल्याच्या कथा कितपत विश्वासार्ह आहेत?

उत्तर : नाव कळू नये अशी व्यवस्था असते. रेखाटनांवर नावाऐवजी क्रमांक किंवा बोधवाक्य लिहितात आणि नाव मोहोरबंद लिफाफ्यात वेगळे देतात. निकाल ठरल्यावरच तो लिफाफा उघडतात. मीस यांच्या बर्लिनच्या प्रवेशिकेचे बोधवाक्य ‘मधाचे पोळे’ या अर्थाचा एक जर्मन शब्द होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी युनेस्कोने १९५६ साली नियमांची शिफारस स्वीकारली, १९७८ साली ती सुधारली, आणि तिच्यातही हे निनावीपण अनिवार्य मानले आहे. अर्थात अनुभवी परीक्षकाला एखाद्या प्रसिद्ध रचनाकाराची रेषा ओळखता येणारच नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

ढिगाच्या कथांपैकी सिडनीच्या ऑपेरा हाउसची कथा सर्वांत जास्त सांगितली जाते : परीक्षक ईरो सारिनेन (वर आलेल्या एलिएल यांचे पुत्र) उशिरा आले आणि बाजूला काढलेल्या कागदांतून त्यांनी यॉर्न उट्झन यांची प्रवेशिका वर आणली. ही कथा मी पुरावा म्हणून वापरणार नाही. मात्र १९५७ च्या त्या निकालात एक गोष्ट नोंदलेली आहे आणि ती कथेपेक्षा कितीतरी बोधक आहे : २३३ प्रवेशिकांतून निवडलेल्या या आराखड्याची रेखाटने इतकी साधी आहेत की ती जवळजवळ आकृतीवजा वाटतात, असे परीक्षकांनीच आपल्या अहवालात म्हटले. तो आराखडा बांधला गेला म्हणून आपण त्या रेखाटनांना द्रष्टी म्हणतो. पण त्या शिडांसारख्या कवचांची बांधता येईल अशी भूमिती सापडायला पुढे कित्येक वर्षे गेली आणि इमारत १९७३ साली खुली झाली. मध्येच काम थांबले असते, तर तेच कागद आज आपण ‘अपुरे’ म्हणून बाजूला ठेवले असते.

नियमांचा काटेकोरपणा कधी कधी आराखड्यावर उलटतो, हेही येथे सांगितले पाहिजे. जिनिव्हा येथील राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेच्या) इमारतीसाठी १९२७ साली ३७७ प्रवेशिका आल्या. परीक्षकांचे एकमत झाले नाही आणि त्यांनी नऊ जणांना समान पहिले बक्षीस दिले. त्या नऊ जणांत आधुनिक शैलीचे ल कोर्बुझिए आणि पिएर जानरे हेही होते. त्यांची रेखाटने मूळ शाईत काढलेली नसून छापील प्रती आहेत, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला, आणि अखेरीस काम पाच इतर वास्तुरचनाकारांना मिळाले. एवढ्या मोठ्या निर्णयात शाईला इतके महत्त्व यावे, हे मला आजही बोचते. त्या आक्षेपामागे आधुनिक शैलीविषयीचा विरोध होता, असे मानण्याला पुष्कळ आधार आहे. पुढे जागाही बदलली, नवा आराखडा झाला, आणि नऊ बक्षीसपात्र प्रवेशिकांपैकी एकही जशीच्या तशी बांधली गेली नाही.

प्रश्न : हरलेले आराखडे बांधले जात नाहीत हे समजते. पण जिंकलेले आराखडेही इतक्या वेळा कागदावरच का राहतात?

उत्तर : बहुतेक वेळा पैसा, आणि कधी कधी राज्य किंवा युद्ध. झाहा हादीद यांनी हाँगकाँगच्या ‘पीक’ क्लबची स्पर्धा १९८३ साली जिंकली; डोंगरात घुसलेल्या पात्यांसारखी रचना दाखवणाऱ्या त्यांच्या रंगचित्रांनी जगभर नाव मिळवले, पण क्लब झाला नाही. कार्डिफच्या ऑपेरा हाउसची स्पर्धाही त्यांनी १९९४ साली जिंकली, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस निधी नाकारला गेल्याने तेही राहून गेले.

सर्वांत मोठी किंमत मात्र मॉस्कोने मोजली. ‘सोव्हिएतांचा प्रासाद’ उभारण्यासाठी तेथील ख्रिस्त तारणहाराचे कॅथीड्रल डिसेंबर १९३१ मध्ये सुरुंगाने उडवण्यात आले. त्या वेळी स्पर्धेचा अंतिम आराखडा ठरलाही नव्हता. पुढे बोरिस इओफान यांचा आराखडा निवडला गेला आणि तो वाढत वाढत माथ्यावर लेनिनचा पुतळा असलेल्या ४१५ मीटर उंचीच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचला. पाया घातला गेला, पोलाद उभे राहू लागले, आणि युद्ध सुरू झाल्यावर ते पोलाद उतरवून दुसऱ्या कामांना वापरले गेले. त्या जागी १९६० साली उघडा जलतरण तलाव आला, आणि शतकाच्या अखेरीस तेच कॅथीड्रल नव्याने बांधण्यात आले. न बांधलेला आराखडा निरुपद्रवी असतो, असे आपल्याला वाटते. या आराखड्याने मात्र कागदावर असतानाच एक खरी इमारत पाडली.

प्रश्न : माझे वडील वास्तुरचनाकार होते. त्यांनी स्पर्धांसाठी केलेल्या, कधीच न बांधल्या गेलेल्या आराखड्यांच्या गुंडाळ्या माझ्याकडे आहेत : ट्रेसिंग पेपर, निळ्या प्रती, काही जाड कागदावरची रंगवलेली चित्रे. त्या कशा सांभाळाव्यात? त्यांवर हक्क कोणाचा? आणि त्या कोणाला हव्या असतील का?

उत्तर : आपण त्या अजून टाकल्या नाहीत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. ज्या युनेस्को नियमांचा वर उल्लेख केला आहे, त्यांतच असेही म्हटले आहे की, नियमपुस्तिकेत वेगळी तरतूद नसेल तर बक्षीस न मिळालेली रेखाटने प्रदर्शनानंतर नष्ट करावीत. आयोजकांची अडचण मी समजू शकतो. शेकडो प्रवेशिकांचे कागद ठेवणार कोठे? पण याचा अर्थ असा की हरलेल्या आराखड्याची स्पर्धकाने स्वतःकडे ठेवलेली प्रत ही अनेकदा एकमेव प्रत असते.

गुंडाळ्या एकदम सपाट करू नका. जुना ट्रेसिंग पेपर ठिसूळ होतो आणि ओढून उघडला की कडांपासून फाटतो. चिकटपट्टी लावू नका, आणि जेथे आधीच लावलेली आहे तेथून ती स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, कारण ते परत काढता येत नाही. शक्य असेल ते कागद आम्लरहित कागदांच्या थरांमध्ये सपाट ठेवावेत. फार मोठे असतील ते आम्लरहित, रुंद व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळावेत, बारीक नळीच्या आत कोंबू नयेत. निळ्या प्रतींची गोष्ट वेगळी आहे. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा असलेली खरी ब्ल्यूप्रिंट उजेडाने फिकी पडते आणि अल्कधर्मी पदार्थांनीही तिचा रंग जातो. म्हणून इतर कागदांना चांगले मानले जाणारे, चुना मिसळलेले अल्कधर्मी संरक्षक कागद तिच्यासाठी वापरू नयेत. पांढऱ्यावर निळ्या किंवा जांभळट रेषा असतील तर ती बहुधा डायझो प्रत असते. तिच्यातून निघणारी रसायने शेजारच्या कागदांवर डाग पाडतात, म्हणून डायझो प्रती स्वतंत्र पाकिटात ठेवाव्यात. एखादे चित्र भिंतीवर लावायचा मोह झाला, तर त्याची प्रत काढून ती लावावी.

स्कॅन जरूर करा, पण स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकू नका. पेन्सिलीची खोडलेली रेषा, कंपासच्या टोकाचे भोक, वरून चिकटवलेली दुरुस्तीची पट्टी, या गोष्टींत वडिलांचा विचार कोठे वळला ते दिसते, आणि स्कॅनमध्ये त्यांतले बरेच हरवते. नंतरच्या काळातील काम संगणकावरचे असेल, तर मूळ फायलींबरोबर त्यांच्या पीडीएफ प्रती आणि कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती याची नोंदही ठेवा. जुनी फाइल उघडणारे यंत्रच पुढे मिळत नाही, हा अनुभव आता सर्वत्र येऊ लागला आहे.

हक्काविषयी : स्पर्धेत भाग घेतल्याने रचनाकाराचा कॉपीराइट सहसा जात नाही. विजेत्या आराखड्याचा ठरलेल्या कामासाठी वापर करण्याची परवानगी आयोजकाला मिळते. इतर आराखडे त्यांच्या कर्त्यांचेच राहतात आणि कर्त्यानंतर वारसांकडे येतात. मुदत व तपशील त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतात, म्हणून कागद कोठे देण्यापूर्वी कागदाची मालकी आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

आणि ते कोणाला हवे असतील का? लंडनमधील ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या रॉयल संस्थेचा रेखाटनसंग्रह, माँट्रिऑलचे कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चर, बर्लिनमधील तांत्रिक विद्यापीठाचे वास्तुसंग्रहालय, अशा संस्था न बांधलेल्या कामांनाही जागा देतात. प्रत्येक गुंडाळी तेथे जाईलच असे नाही, पण वास्तुकलेच्या महाविद्यालयांनाही अशा संचांचा फार उपयोग होतो. अशा कागदांतून पुढे काय निघू शकते, याचे एक उदाहरण देतो. मीस फान डेर रोह यांनी १९३० साली क्रेफेल्ड शहराच्या गोल्फ क्लबसाठी केलेला आराखडा त्या वेळच्या आर्थिक मंदीमुळे राहून गेला होता. जपलेल्या रेखाटनांच्या आधारे २०१३ साली तेथेच, एका शेतात, बेल्जियमच्या वास्तुरचनाकारांनी त्याचे पूर्ण आकाराचे तात्पुरते मॉडेल मुख्यतः लाकडात उभारले आणि लोक त्यातून चालत फिरले. रेखाटनांत जे ठरलेले नव्हते ते मनाने भरून काढण्याऐवजी त्यांनी तसेच अमूर्त ठेवले, हा त्यांचा निर्णय मला फार प्रामाणिक वाटतो.

आपण सर्वांत आधी करण्यासारखे काम याहून साधे आहे. वडिलांच्या टेबलात, जुन्या फायलींत त्या त्या स्पर्धेची नियमपुस्तिका, आयोजकांची पत्रे, परीक्षकांचा अहवाल सापडतो का, ते पाहा. सापडले तर ते त्या गुंडाळीबरोबर एकाच पाकिटात ठेवा आणि पाकिटावर मऊ पेन्सिलीने स्पर्धेचे नाव, वर्ष व प्रवेशिकेचा क्रमांक लिहा. घरात आईला किंवा वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना काही आठवत असेल, तर तेही आजच लिहून घ्या.